रामलेचा बाजार, गालीलचा घाणा आणि आमची कोशिंबीर



बुधवार उजाडला की आम्ही दोघं लोदहून रामलेला निघतो. बुधवार हा रामलेच्या शूकचा मोठा दिवस. अंतर ते काय, बसमध्ये बसून नीट गप्पा सुरू होईपर्यंत उतरायची वेळ येते. बरोबर चाकांची अगाला असते. जाताना ती रिकामी खडखडत जाते आणि येताना एक जण ओढतो, दुसरा मागून ढकलतो. १९७१ साली आम्ही मुंबईहून, भायखळ्याहून, ह्या देशात आलो तेव्हापासून हा बाजार आम्ही पाहतो आहोत. भाव बदलले, ओरडणारी माणसं बदलली, पण ओरड तीच. भाजीवाला आजही आम्हाला "नेशामा", म्हणजे "जिवा", म्हणून हाक मारतो आणि टोमॅटोच्या पिशवीत एक मऊ टोमॅटो टाकायचा तो टाकतोच.

आता ह्या बाजारावर लिहायचे कारण. आमच्यापैकी एकाला साखर आहे आणि एकाच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. कोणाला काय ते सांगत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखावे. स्टेंट बसले २०१७ मध्ये. डॉक्टर म्हणाले, रात्रीचे जेवण हलके करा, भात-चपाती कमी करा, सॅलड खा. आम्ही शहाण्या मुलांसारखे ऐकले. रात्रीच्या चपात्या बंद केल्या, दोघांच्या मिळून चार. त्याऐवजी भलामोठा वाडगाभर सॅलड. सहा महिन्यांनी कुपत होलिममध्ये वजन केले तर दोघांचेही वाढलेले! एकाचे चार किलो, एकाचे तीन.

घरात काय झाले असेल ते सांगायला नको. "तुम्ही बाहेर जाऊन बुरेकास खाता." "तूच फ्रीज उघडतेस रात्री, मी आवाज ऐकलाय." ४५ वर्षांच्या संसारात एवढा एकमेकांवर संशय कधी आला नव्हता. मुलांनी फोन करून समजूत घातली. गंमत वाटेल वाचायला, पण तेव्हा गंमत नव्हती. ज्याला स्टेंट बसलेत तो रात्री छातीवर हात ठेवून झोपायचा, आणि दुसरा जागा राहून त्याचा श्वास ऐकायचा.

कुपत होलिमने आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवले. तरुण मुलगी, आमच्या नातीएवढी. तिने आठवडाभर सगळे लिहून आणायला सांगितले. आम्ही वही नेली. तिने वाचले आणि एकच प्रश्न विचारला: "सॅलडवर काय घालता?"

आम्ही म्हटले, "काही नाही, थोडासा रोतेव."

तो रोतेव म्हणजे बाटलीतला, गुलाबी रंगाचा. त्याचे नाव "एलेफ हा-इयिम", म्हणजे हजार बेटे. नातवंडांसाठी आणलेला, आम्हालाच आवडून गेला. आम्ही सात बेटांच्या मुंबईची माणसं, हजार बेटांच्या नादी लागलो! मेयोनेज, केचप, साखर आणि लोणच्याच्या काकडीचे तुकडे, एवढेच असते त्यात. बाईंनी बाटली आणायला लावली. मागे लिहिले होते, १०० ग्रॅमला ३८० कॅलरी. मग त्यांनी चमचा आणि वाडगा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, घरी ओतता तसे ओता. आम्ही ओतले. मोजले तर दहा मोठे चमचे भरले. एका चमच्याला साधारण ५५ ते ६० कॅलरी, म्हणजे वाडग्यात साडेपाचशेच्या वर. आणि खाली तीन काकड्या, तीन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, कांदा, सगळे मिळून दीडशेच्या आसपास. एक घरची चपाती शंभर-सव्वाशे कॅलरींची धरली तर आम्ही चार चपात्या सोडल्या होत्या आणि पाच ओतल्या होत्या. वर तळलेल्या पावाचे कुरकुरीत तुकडे होते ते वेगळेच.

घरी येताना बसमध्ये दोघेही गप्प. मग एकदम हसायला आले.

तेव्हापासून रामलेच्या बाजारात आम्ही वेगळ्या डोळ्यांनी फिरतो. पूर्वी आमची फेरी भारतीय दुकानापासून सुरू व्हायची: कढीपत्ता, आमसुले, पोहे, हिंग. आता आधी लिंबे. हिवाळ्यात लिंबे स्वस्त आणि रसाळ असतात, उन्हाळ्यात महाग. स्वस्त असताना रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचा. लिंबाच्या एका मोठ्या चमचाभर रसात कॅलरी तीन-चार, बस्स. मग मसालेवाल्याकडे सुमाक. मुलांनो, तुम्ही पिझ्झाच्या दुकानात लालजांभळी पूड पाहता ती हीच. झुडपाच्या फळांची पूड, चवीला आंबट. आपल्या आमसुलाची दूरची बहीण म्हणा. रक्तदाबवाल्यांनी सुमाक जरूर आणावा, कारण आंबट चव असली की मीठ कमी लागते. फक्त विकत घेताना विचारावे, काही ठिकाणी त्यात मीठ मिसळलेले असते. झातरच्या तयार मिश्रणात तर ते असतेच.

पुढच्या कोपऱ्यावर लोणच्यांची पिंपे. तिथे अंबासुद्धा असतो. अंबा! आपल्याच आंब्याचे नाव, मुंबईहून बगदादी लोकांबरोबर इराकला गेले आणि तिथून इथे आले, आता फलाफलवाल्याला वाटते त्याच्याच आजीचा शोध. चमचाभर अंबा काकडीवर फार छान लागतो आणि त्यात तेल-साखर फार नसते, पण मीठ भरपूर. आमसुलाच्या आगळाचेही तसेच. आम्ही दोन्ही आणतो, आणि ज्या दिवशी ते घालतो त्या दिवशी सॅलडला वेगळे मीठ घालत नाही.

बाजारातली एक चूक मात्र सांगितली पाहिजे. आहाराच्या बाईंचे ऐकून आम्ही इतके घाबरलो की तेलच बंद केले. सुपरातून "चरबी शून्य" लिहिलेला रोतेव आणला. घरी येऊन चष्मा लावून वाचले तर पाणी, साखर, मीठ, घट्ट करायची पावडर. चव औषधासारखी. पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, हेही नको. टोमॅटो, गाजर, हिरव्या पाल्यातले रंगद्रव्य आणि अ, ई, के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात. बरोबर जरासुद्धा तेल नसेल तर शरीर त्यातले फारसे घेऊच शकत नाही. म्हणजे तेल हवे, पण चमच्याने.

कुठले तेल आणि किती, हे आम्हाला नीट कळले ते गालीलमध्ये.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये वृद्धांच्या क्लबने एक दिवसाचा तियुल काढला. पहाटे बस सुटली, ६ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला. बसमध्ये नेहमीप्रमाणे गाणी, चिवडा आणि दर तासाला शेरुतिमसाठी थांबा. कार्मिएल ओलांडून सफादच्या दिशेने थोडे पुढे गेले की डाव्या हाताला डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी रामे गाव लागते. अरब गाव आहे, ख्रिस्ती, द्रूझ, मुसलमान असे सगळे राहतात. नावात आमच्या रामलेशी साम्य, म्हणून आम्हाला लगेच आपलेसे वाटले. चहूकडे जैतुनाची झाडे. खोड जाड, पिळवटलेले, पोकळ, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखे. पाने वाऱ्यावर उलटली की चंदेरी दिसतात. पहिला पाऊस पडून गेला होता, पानांवरची धूळ धुऊन निघाली होती. घरचे सगळे, शाळकरी मुलेसुद्धा, झाडाखाली ताडपत्री पसरून जैतुने झोडत होते.

तिथला तेलाचा कारखाना म्हणजे एक मोठी शेड. दाराशी लोक पोती घेऊन रांगेत उभे, ज्याची जैतुने त्याचे तेल. आधी पाने उडवतात, जैतुने धुतात, मग बियांसकट चेचतात. तो लगदा सावकाश घुसळत ठेवतात म्हणजे तेलाचे थेंब एकमेकांना मिळतात. मग यंत्र जोरात गरगर फिरून तेल, पाणी आणि चोथा वेगळा करते. शेवटी नळीतून हिरवेगार, गढूळ तेल पडते. वास कापलेल्या गवतासारखा. एक लिटर तेलाला साधारण पाच किलो जैतुने लागतात असे मालकाने सांगितले. आवारात एका बाजूला जुने दगडी चाक ठेवलेले होते, पूर्वी जनावर जुंपून फिरवायचे ते.

ते चाक पाहिले आणि आमची सगळी बस गप्प झाली. मग एका आजींनी मोठ्याने म्हटले, "अगं बाई, हा तर घाणा!"

मुलांनो, तुम्हाला कदाचित कोणी सांगितले नसेल. कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत. अलिबाग, रेवदंडा, रोहा, पनवेल ह्या भागातल्या गावांत आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत. बैल गोल गोल फिरायचा, लाकडी लाट फिरायची, तेल खाली गळायचे. आणि शनिवारी घाणा बंद, कारण शब्बाथ. बैलालाही सुट्टी. म्हणून नाव पडले शनवार तेली. तेल काढल्यावर उरते ती पेंड. ती गुरांना घालत. रामेच्या मालकाने चोथ्याला हिब्रूत "गेफेत" म्हटले तेव्हा आम्ही म्हटले, आमच्याकडे ह्याला पेंड म्हणतात. त्याने दोनदा म्हणून पाहिले, "पेंद, पेंद", आणि खूश झाला.

आमच्यापैकी एकाची आजी रेवदंड्याची. तिच्या लहानपणी घरात घाणा होता. पण तेलाच्या घरातली असून ती तेल कसे वापरायची? बरणीत एक लहान पळी असायची, नवटाकाच्या हिशेबाने महिना काढायची. कोशिंबिरीवर फोडणी द्यायची तर पळीच्या तळाला जेवढे चिकटेल तेवढे तेल, त्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता, चुर्र झाले की संपले. आम्ही तिला कंजूस समजायचो. घाणेकऱ्याला एका थेंबाला किती दाणे लागतात ते ठाऊक असते हे तेव्हा कुठे कळायचे!

मालकाने छोट्या कपांत ताजे तेल चाखायला दिले. आम्ही घोट घेतला आणि दोघांनाही ठसका लागला. एक वेळ वाटले, तेल खराब आहे. तो हसून म्हणाला, ठसका लागतो म्हणजे चांगले आहे. हिरव्या, लवकर काढलेल्या जैतुनांतून तेल कमी निघते, पण कडू आणि तिखट द्रव्ये जास्त असतात, आणि तीच शरीराला चांगली. ह्या तेलाला इथे "कतित मेउले" म्हणतात. त्यात आम्लता १०० ग्रॅमला ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. उन्हात, पारदर्शक बाटलीत ते बिघडते, म्हणून डब्यात किंवा काळ्या बाटलीत, चुलीपासून लांब ठेवावे.

आम्ही तिथेच ५ लिटरचा डबा घेतला. बसमध्ये एक गृहस्थ म्हणाले, जैतुनाचे तेल औषधी, आता कितीही खा. नाही हो! हाच गैरसमज आम्हाला ह्या लेखातून काढायचा आहे. तीळ, खोबरे, शेंगदाणा, सूर्यफूल, जैतुन, कुठलेही तेल घ्या, ग्रॅमला ९ कॅलरी, मोठ्या चमच्याला सुमारे १२०. जैतुनाचे तेल हृदयाला बरे हे खरे, पण वजनाचा काटा तेलाचे गाव विचारत नाही. आमचा फायदा वेगळ्याच कारणाने झाला. हे तेल इतके तिखट की एक चमचा सबंध वाडग्याला पुरतो. बेचव तेल होते तेव्हा चव यावी म्हणून आम्ही ओततच राहायचो.

आता आमच्या घरची पद्धत सांगतो. काकडी-टोमॅटो इथल्यासारखे अगदी बारीक चिरायचे. ह्या बाबतीत इस्रायली सॅलड आणि आपली कोशिंबीर सख्ख्या बहिणी आहेत. झाकणाच्या रिकाम्या बाटलीत तीन चमचे लिंबाचा रस, एक चमचा तेल, चिमूट सुमाक, ठेचलेली लसणाची पाकळी किंवा भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाटली जोरात हलवायची. हे काम नातवंडांचे. पाश्चात्त्य पुस्तकांत उलटे प्रमाण असते, तीन भाग तेल आणि एक भाग आंबट. आम्ही ते उलटवले आणि कोणाची तक्रार आली नाही. जेवायला बसतानाच ओतायचे, नाहीतर काकडी पाणी सोडते आणि चव पातळ होते, मग पुन्हा मीठ, पुन्हा तेल.

दूध-दह्याचे जेवण असेल त्या दिवशी दह्याची कोशिंबीर. ३ टक्क्यांच्या योगुर्तचा एक छोटा डबा नव्वद-पंच्याण्णव कॅलरी, आणि तो दोघांना पुरतो. वर शेंगदाण्याचे कूट एकच चमचा, कारण त्यात ५० कॅलरी आहेत. ओले खोबरे चमचाभर घातले तर २०. पण शुक्रवारी रात्री कोंबडी-मटण असते, तेव्हा दही कुठून चालणार? कोकणात अशा वेळी आपल्या आया नारळाचे दूध वापरत. इथे तहिना आहे.

तहिनाची गंमत मुलांनी स्वतः करून पाहावी. वाटीत दोन चमचे कच्चा तहिना घ्या, लिंबू पिळा, चमचाभर थंड पाणी घाला आणि ढवळा. पातळ व्हायच्या ऐवजी तो घट्ट गोळा होतो! घाबरू नका. आणखी पाणी घालत ढवळत राहा, एकदम पांढराशुभ्र आणि सैल होतो. कच्च्या तहिनाच्या एका चमच्यात ९० कॅलरी, मेयोनेजएवढ्याच. पण मेयोनेजमध्ये पाणी घालून कोणी खात नाही, तहिना पाण्याने तिप्पट वाढतो. शिवाय तिळातले सत्त्व मिळते. रामलेच्या बाजारात चांगला तहिना बहुधा इथिओपियाच्या हुमेराच्या तिळाचा असतो. आमचे पूर्वज तीळ घाण्यात घालत, आम्ही वाटीत ढवळतो.

दोन गोष्टी औषधे घेणाऱ्यांसाठी, कारण आपल्या वयात गोळ्यांची डबी सगळ्यांकडे आहे. रक्त पातळ करायला जे कुमादिन घेतात, त्यांनी पालक, कोथिंबीर, लेट्यूस असा हिरवा पाला एकदम वाढवू किंवा सोडू नये. रोज साधारण सारखाच खावा आणि डॉक्टरांना सांगावा. आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे एश्कोलित, म्हणजे ग्रेपफ्रूटशी, पटत नाही. आमच्या शेजारणीने लिंबाऐवजी त्याचा रस सॅलडवर सुरू केला होता. फार्मसीतल्या मुलीने वेळीच थांबवले.

२०२० पासून इथे डब्यांवर लाल गोल शिक्के आले, मीठ, साखर आणि संपृक्त चरबी जास्त असल्याची खूण. त्या आधी चष्मा लावून बारीक अक्षरे वाचावी लागत. आमची सर्वांत धाकटी नात तेव्हा पहिलीत होती, तिला वाचायला फारसे येत नव्हते, पण शिक्के मोजता येत. सुपरात ती ओरडायची, "सावता, दोन लाल!" आणि लोक वळून बघायचे. हजार बेटांची बाटली तिनेच फळीवर परत ठेवली. पण शिक्का नाही म्हणजे कॅलरी नाहीत असे मात्र समजू नये. कॅलरीचा वेगळा शिक्का नाही.

वजनाचे सांगायचे तर पहिल्या वर्षात एकाचे पाच किलो आणि दुसऱ्याचे चार गेले. त्यानंतर काटा हट्टाने तिथेच बसला आहे. डॉक्टर म्हणतात, असू दे, ह्या वयात एवढे पुरे. सणाच्या दिवसांत मालपुरी आणि हलवा आम्ही सोडलेला नाही, ते खोटे कशाला सांगा. रामेला आम्ही २०१९ मध्येही जाऊन आलो. मग कोरोना आला. २०२३ आणि २०२४ मध्ये उत्तरेकडे रॉकेट पडत होते, तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी बाजारातलेच तेल घेतले आणि दर चमच्याला त्या माणसाची, त्याच्या झाडांची आठवण निघाली. नंतर एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप गेला आणि डबा आला. वर हाताने हिब्रूत एक शब्द लिहिलेला होता. नातीने वाचून दाखवला: "पेंद."

धाकटी आता स्वतः चिरते, स्वतः बाटली हलवते. तिचे मराठी मोडके आहे, पण "कोशिंबीर" शब्द स्पष्ट म्हणते. सॅलड संपल्यावर वाडग्याच्या तळाला टोमॅटोचे पाणी, लिंबू, सुमाक आणि तेलाचे दोन-चार हिरवे थेंब उरतात. ते वाडगा तोंडाला लावून पिण्यासारखे दुसरे सुख नाही. पूर्वी आम्हा दोघांत त्यावरून भांडण होते, आता तिघांत आहे.